टॅब वर्गातच राहू द्या: आमच्या शिक्षण संस्थेच्या संचालक मंडळाला खुलं पत्र

मा. अध्यक्ष, सचिव आणि संचालक मंडळातले सर्व सदस्य,

सप्रेम नमस्कार.

मी आपल्याच शाळेत आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. मागच्या महिन्यात टॅबबद्दल जे परिपत्रक निघालं त्याबद्दल हे पत्र आहे. आधी मुख्याध्यापकांमार्फत रीतसर अर्ज दिला होता, त्याचं उत्तर आलं नाही, आणि परिपत्रक तर पालकांच्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरून राहिलं आहे, रोज कोणी ना कोणी गेटवर थांबवून विचारतं की मॅडम हे काय आहे, म्हणून आता उघडपणे लिहितेय. शाळेचं नाव मुद्दाम टाकत नाहीये. शाळेची बदनामी मला करायची नाही, नागपुरातल्या दुसऱ्या कुठल्या शाळेतल्या शिक्षकांना हे आपलंच वाटलं तर वाटू द्या.

ज्यांनी परिपत्रक वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. येत्या जूनपासून चाळीसच्या चाळीस टॅब वर्गांतून काढून दुसऱ्या मजल्यावरच्या 'डिजिटल लॅब'मध्ये कपाटात ठेवायचे. प्रत्येक तुकडीला तिथे आळीपाळीने एक तास मिळणार. त्या तासाला एका कंपनीचं ॲप उघडून व्हिडिओ बघायचे आणि एमसीक्यू टेस्ट द्यायची. कॅमेरा, रेकॉर्डर, फाईल उघडायची सोय, बाकीची ॲप्स, सगळं लॉक. आणि एखादा टॅब फुटला तर त्या तासाला जो शिक्षक असेल त्याच्या पगारातून वसुली.

हा निर्णय चुकीचा आहे आणि तो मागे घ्या, एवढंच मला म्हणायचंय. टॅब हे आपल्या मुलांसाठी मोजायचं, नोंदवायचं, स्वतः काहीतरी करून बघायचं साधन झालं होतं आणि या परिपत्रकानं तेच काढून घेतलंय.

आपली मुलं कोण आहेत हे तुम्हाला सांगायची गरज नाही, पण हे पत्र बाहेरचेही वाचतील म्हणून लिहिते. बरीचशी मुलं नाग नदीच्या काठच्या वस्त्यांमधली आहेत. कोणाचे बाबा कळमन्याच्या मार्केटमध्ये हमाली करतात, कोणाचे ई-रिक्षा चालवतात, कोणाची आई चार घरची कामं करते. घरी फोन असतो, पण एकच, आणि तो दिवसभर बाबांसोबत बाहेर असतो. ते रात्री घरी आले की फोन पोट्ट्यांच्या हातात येतो आणि मग जे व्हायचं तेच होतं, रील्स. ग्रामीण भारतातल्या मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या 'असर'च्या २०२४ च्या अहवालात हेच दिसलं होतं. १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो, त्यातल्या ५७ टक्के मुलांनी मागच्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता आणि ७६ टक्क्यांनी सोशल मीडियासाठी. म्हणजे यंत्र वापरायचं कसं हे मुलांना शिकवावं लागत नाही, त्यानं काय काय करता येतं हे मात्र कोणीतरी सोबत बसून दाखवावं लागतं, आणि ते बहुतेक मुलांच्या घरी कोणी दाखवू शकत नाही. म्हणून माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढली, एका कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे समाजकार्यासाठीच्या निधीतून, काही पैसे आले आणि हे टॅब शाळेत आले. ते देताना माजी विद्यार्थ्यांनी एकच अट घातली होती, पोरांच्या हातात द्या. त्या कार्यक्रमात मंडळातले तुमच्यापैकी बरेच जण स्टेजवर होते.

आता वर्गात नेमकं काय होत होतं ते सांगते, कारण परिपत्रकात 'टॅबचा अनियंत्रित वापर' असे शब्द आहेत आणि ते मला फार लागले.

दहावीच्या विज्ञानात पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा आहे, त्यात मुक्त पतन येतं, म्हणजे वस्तू फक्त गुरुत्वाकर्षणानं खाली पडणं. वर्षानुवर्षं आम्ही फळ्यावर सूत्र लिहितो, g, म्हणजे पडताना वेग किती वाढत जातो तो आकडा, ९.८, पोरं पाठ करतात, गणित सोडवतात, विषय संपला. टॅब आल्यावर आम्ही हा धडा मैदानात घेतला. भिंतीवर खडूनं दर दहा सेंटिमीटरला खूण केली, एकानं रबरी बॉल वरून सोडला, दुसऱ्यानं टॅब दोन्ही हातांनी घट्ट धरून व्हिडिओ काढला. साध्या टॅबचा कॅमेरा एका सेकंदात ३० चित्रं घेतो, म्हणजे दोन चित्रांमधला वेळ एक तीसांश सेकंद. व्हिडिओ एकेक चित्र करून पुढे सरकवणारं फुकटचं ॲप होतं, त्यात बॉल कुठल्या खुणेवर आहे ते वाचायचं आणि वहीत लिहायचं. पाच चित्रांनंतर बॉल साधारण १४ सेंटिमीटर खाली आला होता. दहा चित्रांनंतर किती येईल असं आधी विचारलं तर जवळपास सगळा वर्ग म्हणाला अठ्ठावीस, दुप्पट वेळ म्हणजे दुप्पट अंतर. व्हिडिओत निघाले चोपन्नच्या आसपास. मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो एरवी तोंड उघडत नाही, तो एकदम म्हणाला, "मॅडम, हा तर जसजसा खाली जाऊन राहिला तसतसा अजूनच पळून राहिला." त्वरण म्हणजे काय याची याहून चांगली व्याख्या मी आजवर कोणत्या उत्तरपत्रिकेत वाचलेली नाही.

आणि गोष्ट तिथेच थांबली नाही. प्रत्येक गटानं आपापलं g काढलं, कोणाचं नऊच्या जवळ आलं, कोणाचं साडेदहा. मग भांडणं. पुस्तकात तर ९.८ आहे, आपलं काहून चुकलं? शोधता शोधता त्यांनाच सापडलं की बॉल हातातून नेमका कोणत्या चित्रात सुटला हे ठरवता येत नाही, एका चित्राचा फरक पडला की उत्तर हलतं. दुसऱ्या एका गटाचा व्हिडिओ वर्गातच काढलेला होता, तिथे उजेड कमी, त्यात बॉलच्या जागी नुसता एक पुसट पट्टा. कमी उजेडात कॅमेरा प्रत्येक चित्राला जास्त वेळ घेतो हे त्यांना त्यातून कळलं. मोजमापात चूक कुठून येते, ती कशी शोधायची, हे विज्ञान शिकण्यातलं सगळ्यात अवघड काम आहे आणि ते पंधरा वर्षांच्या पोरांनी आपसात भांडून केलं. हा जर अनियंत्रित वापर असेल तर नियंत्रित वापर कसा असतो हे मंडळानं मला समजावून सांगावं, मी खरंच ऐकायला तयार आहे.

यात एक गोष्ट लक्षात घ्या, चौघांत एकच टॅब होता. एक बॉल सोडणारा, एक व्हिडिओ काढणारा, एक खूण वाचणारा, एक लिहिणारा, आणि दर वेळी कामं बदलायची. चाळीस टॅब प्रत्येकाला एक असे वाटले तर एक तुकडीसुद्धा पूर्ण होत नाही, पण चौघांत एक दिला तर एकाच वेळी दोन तुकड्यांना पुरून उरतात. शिवाय एकटं पोरगं टॅबमध्ये मान घालून बसत नाही, बोलावंच लागतं.

गणिताचे सर जिओजेब्रा हे भूमितीचं फुकटचं ॲप वापरतात, वर्तुळाच्या धड्याला. वर्तुळावरचा बिंदू बोटानं सरकवायचा आणि एकाच कंसातला अंतर्लिखित कोन बदलतच नाही हे बघायचं. फळ्यावर एकच आकृती काढता येते, इथे पोरगं पाच मिनिटांत कितीतरी आकृत्या बघतं आणि मग म्हणतं आता सिद्धता सांगा. त्यासाठी नेटही लागत नाही. पीएचईटीचे प्रयोग, म्हणजे कोलोरॅडो विद्यापीठानं फुकट दिलेले स्क्रीनवर करायचे प्रयोग, त्यातले कितीतरी मराठीत आहेत, एकदा डाउनलोड केले की नेटशिवाय चालतात. मराठीच्या मॅडम मुलांना उतारा वाचून रेकॉर्ड करायला सांगतात. घरी हलबी बोलणारी एक मुलगी वर्गात उभं राहून वाचायला घाबरायची, ती रेकॉर्डर घेऊन व्हरांड्याच्या कोपऱ्यात जायची, स्वतःचं ऐकायची, पुसायची, पुन्हा वाचायची आणि मनासारखं झालं की मगच टॅब मॅडमच्या हातात द्यायची. वर्षाच्या शेवटी ती परिपाठात सगळ्या शाळेसमोर बातम्या वाचत होती.

आणि नाग नदी. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि नदी शहरात घुसली हे नागपुरात कोणाला सांगावं लागत नाही. आपल्या कितीतरी मुलांच्या घरात पाणी होतं, दप्तरं, पुस्तकं, धान्य, सगळं गेलं. पाणी ओसरल्यावर भिंतींवर चिखलाची रेघ राहिली होती. पोरांनी आपापल्या गल्लीत मोजपट्टी लावून त्या रेघांचे फोटो काढले, घराचं ठिकाण नकाशावर टाकलं, उंची लिहिली. वर्गात सगळं एकत्र केल्यावर प्रश्न आला की एकाच गल्लीत एका घरी रेघ कमरेएवढी आणि चार घरं सोडून गुडघ्याएवढी कशी? पाणी तर एकच होतं. मग उमगलं की एवढ्याशा अंतरात पाण्याची पातळी जवळपास सारखीच असते, जमीन खालीवर असते, म्हणजे जिथे रेघ उंच तिथे जमीन खोल. आपल्या गल्लीचा चढउतार त्यांना पुराच्या रेघेवरून काढता आला. भूगोलाच्या पुस्तकात समोच्च रेषा आहेत, सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या, त्या या मुलांना पुन्हा समजावून सांगाव्या लागल्या नाहीत.

या सगळ्याला कॅमेरा लागतो, रेकॉर्डर लागतो, टॅब वर्गाबाहेर न्यावा लागतो. परिपत्रकाप्रमाणे जूनपासून यातलं काहीही होऊ शकणार नाही.

आता माझ्या तक्रारी.

पहिली लॅबची. आपला तास ३५ मिनिटांचा. साठ मुलांना रांगेत दुसऱ्या मजल्यावर नेणं, कपाट उघडणं, टॅब वाटणं, लॉगिन करणं, आणि शेवटी मोजून परत ठेवणं, यात अर्धा तास जातो, शिकवायचं कधी? आणि सगळ्या तुकड्या फिरून पुन्हा नंबर लागेपर्यंत धडा कधीच पुढे गेलेला असतो. धडा चालू असताना जेव्हा प्रश्न येतो तेव्हाच ते साधन हाताशी हवं, कंपासपेटी जशी दप्तरात असते तसं. पुढच्या पंधरवड्यात बघू म्हटलं की तो प्रश्न मरतो. बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड आहेत, ते उघडणारं सरकारचं दीक्षा ॲप २०१७ पासून आहे, ते कोड धड्याच्या पानावर छापलेत ते काय लॅबमध्ये जाऊन स्कॅन करायला? आणि कॅमेराच लॉक केला तर स्कॅनही होणार नाही, हे परिपत्रक लिहिणाऱ्याच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

दुसरी, त्या कंपनीच्या ॲपची. मी ते पूर्ण बघितलं. एक सर हिरव्या पडद्यासमोर उभे राहून धडा सांगतात, मग दहा प्रश्न येतात. सांगणं वाईट नाही, पण तेच मी फळ्याजवळ उभी राहून सांगते, आणि माझ्या वर्गातलं पोरगं मला मधेच थांबवू शकतं. नववीतल्या ज्या मुलाला अजून अपूर्णांकांची बेरीज जमत नाही त्यालाही नववीचाच व्हिडिओ आणि नववीचेच दहा प्रश्न. त्याचे दहापैकी दोन येतात, पुढच्या वेळी पुन्हा दोन, आणि वर लाल रंगात नाव.

यावर जगात अभ्यास झालेले आहेत, मंडळानं करार करण्याआधी ते बघायला हवे होते. 'प्रत्येक मुलाला लॅपटॉप' ही योजना आपल्याकडेही आली होती, २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैरात गावच्या एकशिक्षकी शाळेत. तीच योजना पेरू देशानं मोठ्या प्रमाणावर राबवली, तिथल्या ३१९ शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये आला, आणि गणित व भाषेच्या गुणांत काही फरक सापडला नाही. यंत्रं वाटली, शिकवणं तेच राहिलं. दुसरीकडे दिल्लीत माइंडस्पार्क नावाच्या सॉफ्टवेअरवर अभ्यास झाला, तो २०१९ मध्ये छापून आला. तिथे शाळेनंतरच्या केंद्रांवर साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदीत चांगली वाढ दिसली. तिथे सॉफ्टवेअर आधी मूल कुठे अडलंय ते शोधायचं आणि तिथूनच पुढचे प्रश्न द्यायचं, मग तो नववीत असो की सहावीत, आणि सोबत छोट्या गटाला शिकवणारं माणूसही होतं. युनेस्कोनं २०२३ चा सगळा अहवाल याच विषयावर काढला आणि हे तंत्रज्ञान नेमकं कोणाच्या अटींवर वापरायचं हा प्रश्न त्याच्या नावातच टाकला. आपण जो करार केलाय त्यात पेरूमधलं सगळं आहे आणि दिल्लीतलं काहीच नाही.

आणि शिक्षकाच्या हातात राहू दिलं तर काय होतं त्याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांना क्यूआर कोड लावले, पुढे ते राज्याच्या पुस्तकांत आले आणि २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. ही कल्पना एका खेड्यातल्या वर्गातून वर गेली. त्यांची साधनं कुलुपात असती तर गेली नसती.

तिसरी तक्रार पगारातून वसुलीची, आणि ही सगळ्यात महत्त्वाची आहे कारण बाकी काहीही बदललं आणि हे एक कलम राहिलं तरी टॅब मेलेच समजा. शिक्षक काय करेल? तो टॅब काढणारच नाही. रजिस्टरवर सही करेल, 'वापर केला' लिहील, आणि कपाट बंदच ठेवेल. आपल्या काही सहकाऱ्यांनी आत्ताच मला सांगितलंय की मॅडम आम्ही हात लावणार नाही, आमचं घराचं हप्त्याचं गणित आहे. त्यांना मी दोष देत नाही. मुलांच्या हातात दिलेली वस्तू कधीतरी पडणारच. प्रयोगशाळेत परीक्षानळी फुटली तर आपण कुठल्या शिक्षकाचा पगार कापतो? दरवर्षी काचसामानाला बजेट ठेवतो ना. मुलांनी आतापर्यंत टॅब जपलेले आहेत, मोजून घेणं, पुसून ठेवणं, चार्जिंगला लावणं हे वर्गप्रमुख करतात, ज्यांचे स्क्रीन तडकले ते हातावर मोजण्याइतके आहेत आणि तेही चालतात.

चौथी, मुलांच्या माहितीची. त्या ॲपवर नोंदणी करताना मुलाचं नाव, जन्मतारीख आणि पालकांचा मोबाईल नंबर टाकला गेला. ट्रायलच्या वेळी ऑफिसमधून यादी गेली, कोणाही पालकाला विचारलं नाही. त्यानंतर पालकांना फोन सुरू झाले, तुमचा मुलगा गणितात मागे आहे, आमचा कोर्स घ्या, ईएमआयवर मिळेल. एक आई रडत माझ्याकडे आली होती, तिला वाटलं शाळेनंच सांगितलंय आणि आता पैसे भरले नाहीत तर मुलाला काढून टाकतील. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानतो आणि त्याची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो. पण कायदा बाजूला ठेवा. चौदा वर्षांच्या पोराला टेस्टमध्ये किती पडले हे एका कंपनीच्या सेल्सवाल्याला कळावं आणि त्यानं ते त्याच्या आईला घाबरवायला वापरावं, हे आपल्या संस्थेच्या नावानं होतंय. मला हे सहन होत नाही.

पाचवी छोटी आहे, पण उन्हाळा तोंडावर आहे म्हणून लगेच बघा. ज्या खोलीत टॅब ठेवायचं ठरलंय ती गच्चीच्या स्लॅबखाली आहे. नागपूरचं ऊन तुम्हाला माहीत आहे, २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश नोंदलं गेलंय, आणि बंद खोलीत लोखंडी कपाटात काय होत असेल ते वेगळंच. लिथियमची बॅटरी उष्णतेत लवकर खराब होते आणि पूर्ण उतरलेली महिनोन्‌महिने पडून राहिली तर पुन्हा चार्ज होत नाही. विदर्भातल्या शाळा जून संपता संपता उघडतात, म्हणजे दोन महिने ते तसेच राहणार. मागच्या सुट्टीनंतर काही टॅबच्या बॅटऱ्या फुगून मागचं कव्हर उचललं गेलं होतं, ते त्याच खोलीतले होते. सुट्टीआधी अर्ध्या चार्जवर बंद करून तळमजल्यावरच्या स्टाफरूममध्ये ठेवा, महिन्यातून एकदा शिपाईदादांना बघायला सांगा, पैसा लागत नाही.

तुमच्या बाजूनं काही काळज्या आहेत त्या मी ऐकल्या आहेत. डोळे खराब होतील, मुलं भलतंसलतं बघतील, हस्ताक्षर बिघडेल. काही पालकांनीही तसं लिहून दिलंय आणि ते चुकीचे नाहीत. म्हणूनच आमच्या तासाला टॅब सलग पंधरावीस मिनिटांच्या वर वापरला जात नाही, नोंदी वहीतच हातानं लिहायच्या असतात, आणि बहुतेक वेळा नेट बंद असतं. याउलट लॅबच्या तासाला पूर्ण वेळ स्क्रीनकडेच बघायचंय आणि वहीची गरजच नाही. डोळ्यांची काळजी असेल तर परिपत्रकानं ती वाढवलीच आहे.

अजून एक. नागपुरातच मुख्यालय असलेली महाज्योती ही राज्य सरकारची संस्था ओबीसी, भटक्या विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना जेईई, नीट, सीईटीच्या तयारीसाठी टॅब आणि रोजचा डेटा देते. आपल्या शाळेतून दहावी झालेल्या काही मुलांना तो मिळालाय. म्हणजे दहावीनंतर सरकार स्वतः या मुलांच्या हातात टॅब देऊन सांगणार की घरी बसून स्वतः शीक. त्याआधी तीन वर्षं आपण त्यांना काय शिकवणार, व्हिडिओ संपला की 'नेक्स्ट' दाबायचं? स्वतः शोधायची, स्वतः तपासायची सवय शाळेत लागली नाही तर तो टॅबही वायाच जाईल.

तेव्हा मागण्या सरळ लिहिते.

जूनपासून लागू होणारं परिपत्रक स्थगित करा. टॅब दहा-दहाच्या चार पेट्यांत वर्गांच्याच मजल्यावर ठेवा, ज्या शिक्षकाला हवे त्यानं रजिस्टरवर सही करून वर्गात न्यावे, आज जसं चाललंय तसंच. कॅमेरा, रेकॉर्डर आणि शिक्षकांनी मागितलेली ॲप्स उघडी ठेवा, सोशल मीडिया आणि गेम बंद करायला आमची काहीच हरकत नाही, उलट ते कराच.

पगारातून वसुलीचं कलम कायमचं काढा आणि दुरुस्तीसाठी दरवर्षीच्या बजेटमध्ये वेगळी रक्कम ठेवा, कव्हर, स्क्रीनगार्ड, बॅटरी यासाठी. माजी विद्यार्थी त्यातला वाटा उचलायला तयार आहेत, मी बोलले आहे.

कंपनीसोबतचा करार पालक-शिक्षक संघासमोर ठेवा, किती रुपयांचा, किती वर्षांचा, मुलांच्या माहितीचं काय लिहिलंय. जी माहिती गेली ती पुसायला लावा आणि पुसल्याचं लेखी घ्या. पालकांना येणारे फोन थांबले पाहिजेत, आणि हे जूनपर्यंत थांबू शकत नाही, या आठवड्यात झालं पाहिजे.

शिक्षकांना आठवड्यातून एक तास एकत्र बसायला द्या. कंपनीच्या माणसाचं दोन तासांचं ट्रेनिंग आम्हाला नको, गणिताच्या सरांनी मला जिओजेब्रा शिकवलं आणि मी त्यांना व्हिडिओवरून अंतर मोजायला शिकवलं, तसंच बाकीच्यांचं होईल, फक्त वेळ हवा. यातून जे धडे तयार होतील ते दुसऱ्या शाळांनाही फुकट देऊ.

आणि वर्षाच्या शेवटी तपासायचं असेल तर जरूर तपासा. टॅब वापरलेल्या आणि न वापरलेल्या तुकड्यांची एकच चाचणी घ्या, त्यात पाठांतराचे प्रश्न असू द्या आणि प्रयोगाचेही, पेपर आमच्याऐवजी बाहेरच्या शिक्षकांकडून काढून घ्या. फरक दिसला नाही तर आपण बसून बोलू आणि पद्धत बदलू.

या पत्रामुळे माझ्यावर कारवाई होऊ शकते असं काही जणांनी मला काळजीनं सांगितलं. मंडळात शिक्षक राहिलेले दोन सदस्य आहेत, तुमच्यापैकी काहींनी याच शाळेत अभ्यास केलाय, त्यामुळे मला तसं वाटत नाही. पण वाटलं असतं तरी लिहिलंच असतं.

मंडळाची पुढची सभा निकालाच्या आधी आहे असं ऑफिसमधून कळलं. त्या सभेत अर्धा तास द्या, मी, गणिताचे सर, मराठीच्या मॅडम आणि पालक-शिक्षक संघाचे दोन प्रतिनिधी येऊ. नाही जमलं तर मागण्यांवर एकेक करून लेखी उत्तर द्या, शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आत, कारण त्यानंतर लॅबच्या खोलीला ग्रील बसवायचं काम सुरू होणार आहे आणि ते पैसे एकदा खर्च झाले की परत येणार नाहीत.

आपली नम्र,
आपल्याच शाळेतली एक विज्ञान शिक्षिका
नागपूर